मागून आलेलं उत्तर

१२ फेब्रुवारी

सरला,

काल मयूरीचा फोन आला. बोलत ती होती, पण मागे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी उठून गॅस बारीक केला. जावईबापू कामावर, मयूरी माझ्याशी बोलण्यात, म्हणजे ती तूच. मी म्हटलं, आईला दे. ती म्हणाली, आई झोपली आहे. बरं म्हटलं. झोपेत गॅस बारीक करणारी बायको आपल्याला मिळाली आहे हे या वयात कळलं.

मग तिने तुझा निरोप सांगितला, पाठ करून घेतल्यासारखा. "धडगावले जाईसन कालीबाईले खरी गोट सांगा, मंग मी येस." पुढे एक शब्द नाही. मी विचारलं, आणखी काही म्हणाली का? तर नाही.

पत्र लिहितो आहे त्याचं कारण एवढंच, की फोनवर तू येत नाहीस, आणि आपल्या दोघांच्या बोलण्यात लेकीला मधे उभं करायला मला आवडत नाही. बोलतो आपण घरची बोली, पण कागद समोर आला की मला शाळेतलीच मराठी येते. युद्धाच्या वेळी मी तुला पत्रं लिहायचो तेव्हा तू म्हणायचीस, हा कोण परका माणूस लिहितो मला. तोच परका माणूस पुन्हा लिहितो आहे असं समज.

घरी सगळं ठीक. लोटनच्या घरून दोन्ही वेळचं ताट येतं. धाकटा भाऊ भिंतीला भिंत लावून राहतो त्याचा आजवर झालेला हा पहिलाच फायदा. ताट आणतो आणि दारातच विचारतो, "काय भाऊ, वहिनी कव्हय येई?" मी म्हणतो, ती लेकीकडे आराम करते आहे. तो मान हलवतो आणि भाकरी झाकून जातो. गावात सगळ्यांना एव्हाना माहीत झालं असणार की आराम करायला कुणी दिवाळीपासून जात नाही.

धडगावचं म्हणशील तर मी ऐंशी ओलांडली आहे. शहाद्याहून म्हसावद, म्हसावदहून जीप, त्या जीपमध्ये माणसं मुगाच्या पोत्यासारखी रचतात, आणि मग घाट. माझ्या कमरेचं तुला ठाऊक आहे. शिवाय जाऊन सांगायचं काय? लाइन आली, आमशाला विजेचा धक्का बसला आणि तो गेला. ते त्याच्या बायकोला, कालीबाईला, माहीत आहे. लाइन वेळापत्रकाप्रमाणेच आली होती, कुणाची चूक नव्हती. आमशाने वीस वर्षांहून जास्त आपल्याकडे सालदारकी केली, त्याचं मला वाईट वाटत नाही असं थोडंच आहे.

खरं तर मला काय वाटतं ते मलाच नीट कळत नाही. पण ते वेगळं.

आखाजीपर्यंत ये, अक्षय्य तृतीयेला घर ओकं दिसू नये. उन्हाळ्यात सुरतेला घामाने माणूस भिजून निघतो. इथे नदीवरून वारा येतो.

उमाकांत


१ मार्च

सरला,

तुझं उत्तर नाही. पोस्टाची चूक समजून पुन्हा लिहितो, म्हणजे तुझी समजायला नको.

परवा शहाद्याच्या एका शाळेतून दोन मास्तर मोटरसायकलवर आले होते. एकाहत्तरच्या युद्धातला माणूस आपल्या तालुक्यात आहे हे त्यांना कुठून तरी कळलं. मुलांसमोर बोला म्हणाले. मी नाही म्हणत होतो, पण लोटनच आधी हो म्हणाला आणि माझा कोट झटकून आणला. गेलो. शाल दिली, नारळ दिला. शालीचा रंग तुला आवडला नसता.

मुलांना विमान चालवणारा हवा होता. मी सांगितलं, बाळांनो, मी चालवत नव्हतो. मी फ्लाइट इंजिनिअर. पायलटच्या मागे उजव्या हाताला माझी खुर्ची. विमान मूळचं सामान वाहायचं, अवाढव्य, चार इंजिनांचं. लढाई लागली तेव्हा त्याच्या पोटातलं सगळं काढून तळाशी रूळ बसवले, त्यावर लाकडी घोडे, आणि घोड्यांवर बॉम्ब. मागचं दार उघडायचं आणि ढकलायचे. म्हणजे बैलगाडीला तोफ बांधल्यातला प्रकार. मुलं हसली. मास्तर हसले नाहीत, त्यांना वाटलं मी देशाची चेष्टा करतो आहे.

एका मुलीने हात वर केला. खाली काय दिसायचं?

मी म्हटलं, मला खाली काही दिसत नसे. माझ्यासमोर काटे असत. चार इंजिनं, प्रत्येकाचे तेलाचे, तापमानाचे, फेऱ्यांचे, आणि इंधनाचे निराळे. मागून बॉम्ब गेले की विमान हलकं होई, नाक किंचित वर येई, काटे एकदम सुखावत. मला कळे ते एवढंच. ती मुलगी उभीच होती. म्हणाली, मग तुम्हाला काय वाटायचं? मी म्हटलं, बरं वाटायचं. वजन कमी झालं की इंजिनिअरला बरंच वाटतं.

मास्तरांनी घाईघाईने टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी येताना जीपमध्ये मी विचार करत होतो की हे खोटं नव्हतं. खाली काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्या फेरीनंतर मला वाटलं होतं की रात्री झोप लागणार नाही. लागली. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पुरी होती. मी पोटभर खाल्ली आणि तुला पत्र लिहिलं की मी खुशाल आहे, इकडे थंडी आहे. ती थंडी तेवढी माझ्यात राहिली की काय कोण जाणे.

आमशा गेला त्या सकाळीसुद्धा मी सगळं क्रमाने केलं, आठवतं का तुला? आधी मेन पाडला, मग काठीने त्याला बाजूला केलं, मग छाती दाबली, मग फोन. गावातले म्हणाले, आप्पांचा धीर बघा, फौजी माणूस. तू नुसती माझ्याकडे बघत होतीस, आणि लोक जमल्यावर बोलायला तोंड उघडलंस तेव्हा मी तुझं कोपर धरलं आणि म्हटलं, काही बोलू नको.

त्यावर तू दिवाळीपर्यंत काही बोलली नाहीस. मग सुरतेची गाडी धरलीस.

मयूरीला हे पत्र वाचायला देऊ नकोस.

उमाकांत


९ मार्च

सरला,

गॅसची टाकी संपली. लोटनच्या घरून आणून लावली. लावल्यावर मी सवयीने मोठ्याने विचारलं, "गॅस?" आणि उत्तर आलं नाही म्हणून तसाच उभा राहिलो. बराच वेळ उभा असेन, कारण मांजर येऊन पायाशी बसलं.

इतकंच लिहायचं होतं.

उ.


२२ मार्च

सरला,

आज विहिरीवर गेलो. त्या सकाळनंतर पहिल्यांदा. लोटन बागेला पाणी देतो म्हणून मला जायची गरज पडली नव्हती, असं मी सगळ्यांना सांगतो.

आमशाचं माती ओढायचं पावडं तिथेच आहे, मोटरीच्या खोपीला टेकवलेलं. कुणी उचललं नाही. दांड्याला त्याने सायकलची ट्यूब गुंडाळली होती ती उन्हाने तडकली आहे. मी हात लावला नाही. आखाजीला तो ते पावडं आपल्या दारात आडवं ठेवायचा आणि बाजूला उभा राहायचा. त्याचं साल तिथे संपलेलं असायचं. मी ओट्यावरून विचारायचो, पुढचं साल राहतोस का, "ऱ्हास का?" तो क्षणभर थांबायचा, जणू खरंच विचार करतो आहे, मग म्हणायचा, "ऱ्हास," आणि पावडं उचलायचा की नवं साल सुरू. तू त्याला आणि कालीबाईला आमरस-पोळी वाढायचीस. एका वर्षी तो जरा जास्तच वेळ थांबला तर तू आतून ओरडली होतीस, "आमशा, उचल रे, रस गरम व्हई ऱ्हायना!"

या खेपेला पावडं दारात कोण ठेवणार? त्याचं साल तर चालूच आहे.

तर मी तिथे बसलो आणि मला जालमसिंग आठवला. त्याच्याबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. युद्धाचं मी तुला काहीच सांगितलं नाही, पण हे न सांगण्यासारखं नव्हतं. का राहिलं माहीत नाही.

जालमसिंग आमच्या विमानात मागे असायचा. राजस्थानचा, उंच, मिश्या मोठ्या आणि पोट नाजूक. बॉम्बचे घोडे ढकलायचं काम त्याचं आणि त्याच्या हाताखालच्यांचं. आमची पद्धत अशी होती: कॅप्टनसाहेब मला विचारत, पीछे? मी कानातल्या तारेवरून मागे विचारे, पीछे? जालमसिंग म्हणे, क्लिअर. मी पुढे सांगे, क्लिअर, सर. मग साहेब विमान वळवत. विचारणं, उत्तर, उत्तर पुढे देणं. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. हीच पद्धत मी घरी आणली, आणि तू पहिल्या वर्षी केवढी हसली होतीस. "गॅस?" "बंद." "कोठीचं दार?" "लावं." लोक म्हणायचे, उमाकांतच्या घरात विमान उडतं. पुढे पुढे तू मी विचारायच्या आतच उत्तर द्यायला लागलीस.

एका फेरीत जालमसिंगने क्लिअर म्हटलं, मी क्लिअर म्हटलं, साहेबांनी विमान वळवलं. मी काट्यांकडे बघत होतो. इंजिनांना रोजच्याइतकाच जोर दिलेला होता, पण वेग येत नव्हता. नाक वर आलं नव्हतं. काटे सुखावले नव्हते. मी म्हटलं, सर, वजन आहे. साहेब म्हणाले, जाके देखो.

मी मागे गेलो. दार अजून उघडं होतं, थंडीने डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटचा घोडा रुळावर तिरका होऊन अडकला होता, त्याच्यावर बॉम्ब जसाच्या तसा. जालमसिंग त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला तो दिसला नव्हता. कारण तो बघत नव्हता. रोज क्लिअर म्हणायचा तसा म्हणाला होता. मी टॉर्च मारला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला.

साहेबांनी तो बॉम्ब तसाच परत तळावर नेला. जालमसिंग सगळी वाट त्या घोड्याला मिठी मारून बसला, रुळावरून सरकू नये म्हणून. अलगद उतरलो. उतरल्यावर साहेब खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं, आता जालमसिंगचं काही खरं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "जिसने बोला, वो खुद जाके बताएगा. उसीको, जिसके हाथ लगने हैं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "और जिसने आगे बोला, वो भी."

बॉम्ब उतरवणारा एक म्हातारा सार्जंट होता. चहाचा ग्लास घेऊन उभा होता. जालमसिंग त्याच्यासमोर गेला आणि म्हणाला, मी न बघता क्लिअर म्हटलं, एक अडकला आहे. मी म्हटलं, मीही न बघता पुढे सांगितलं. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि आत गेला. तो बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे होतो. कुणी आम्हाला थांबा म्हटलं नव्हतं.

आमच्यात कुणाला शिक्षा झाली नाही. पण त्यानंतर जालमसिंग कधीच लगेच उत्तर देत नसे. पीछे? म्हटलं की म्हणायचा, "देखके बोलता हूँ, सर." आणि साहेब थांबत. खालून तोफांचे लाल ठिपके ओळीने वर येत असायचे, आपल्याच दिशेने, आणि तो एवढा मोठा जनावरासारखा संथ डोलारा तसाच सरळ उडत राहायचा, जालमसिंग टॉर्च घेऊन रूळ बघेपर्यंत. मला त्या वेळी भीती वाटायची. सगळ्या युद्धात वाटलेली एवढी एकच गोष्ट मला नक्की आठवते.

आता तुला कळलं असेल मी हे का लिहितो आहे. तू सांगितलेलं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कमरेचं निमित्त सांगत होतो.

उमाकांत


५ एप्रिल

सरला,

जाऊन आलो.

लोटन बरोबर येतो म्हणत होता, नको म्हटलं. म्हसावदला जीप बदलली. म्हातारा बघून ड्रायव्हरने पुढे बसवलं, त्यामुळे मुगाच्या पोत्याचा मान हुकला. घाटात गाडी दुसऱ्या गियरवर रडत चढत होती आणि तिच्या एका सिलिंडरला खोकला होता. मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तो खोकला गाडीबरोबरच आला आहे. धडगावला उतरून चहा घेतला. तिथून कालीबाईच्या पाड्यापर्यंत एकाने मोटरसायकलवर सोडलं.

तू पाहिलं नाहीस तिचं घर. टेकडीच्या उतारावर एकटं आहे, आजूबाजूची घरंही अशीच लांब लांब. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा वास डोक्यात बसतो. ती त्यातच बसून काड्या वेचत होती. मला बघून उठली. खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं, स्वतः जमिनीवर बसली. तिची घरची बोली मला येत नाही, पण वीस वर्षं आपल्याकडे राहून आपली बोली तिला तुझ्यामाझ्याएवढी येते.

मी पाणी प्यालो आणि लगेच सांगितलं. वेळ गेला असता तर कदाचित मोहफुलांचा भाव विचारून परत आलो असतो. मी सांगितलं ते असं: आमशाने मोटरीची पेटी उघडली होती. त्याने विहिरीवरून विचारलं, आप्पा, मेन बंद शे का? मी ओट्यावर होतो. मी मागे मान वळवून घरात विचारलं, मेन? सरलाने स्वयंपाकघरातून सांगितलं, बंद. मी विहिरीकडे ओरडलो, बंद शे! मेन चालू होता. ऑटोवर ठेवलेला होता, लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. लाइन आली. आमशाने विचारलं होतं, म्हणजे त्याने त्याचं काम बरोबर केलं होतं. आम्ही दोघांनी उत्तर दिलं आणि दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. आणि तुला हे त्या दिवशी सांगायचं होतं तर मी सांगू दिलं नाही.

ती काड्या वेचत होती. हात थांबला नाही.

मग म्हणाली, "माले माहीत शे, आप्पा."

मी तांब्या खाली ठेवला.

"मी तठेच व्हतू, केळीमा. पानं कापी ऱ्हायंतू. तिन्ही आवाज ऐकात मी. त्याना, तुमना, मायना." माय म्हणजे तू. ती तुला अजून मायच म्हणते.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? पोलीस आले, बोर्डाचा माणूस आला, सगळ्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "कोण येस ते देखी ऱ्हायंतू." आणि मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघून तिने विचारलं, "आप्पा, तठे मयूरीताई ऱ्हाती, ते देखाले जातात का तुम्ही?"

सरला, मला माहीत होतं की इथे हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये. मी तेलाच्या काट्याकडे बघावं तसं त्या प्रश्नाकडे बघितलं. आणि मग जे होतं ते सांगितलं. नाही म्हटलं. आमशाच्या जागी विहिरीवर मयूरी असती तरी मी ओट्यावरूनच विचारलं असतं. घरातून बंद आलं असतं, आणि मी बंद म्हणून पुढे सांगितलं असतं. मी अख्खं आयुष्य तसंच केलं.

मला वाटलं ती उठून आत जाईल. तिने हातातल्या काड्या बाजूला टाकल्या. शेवटी म्हणाली, "हां." तेवढंच. तिने ते खरं मानलं. मला माफ केलं असं काही तिने म्हटलं नाही, तेव्हा तसं समजू नकोस. पण खरं मानलं, आणि माझा श्वास मोकळा झाला. छातीत इतके महिने काहीतरी तिरकं अडकलं होतं, हे मला त्या वेळी कळलं. मला रडायला आलं. तिच्या अंगणात, मोहफुलांच्या मधे, ऐंशी वर्षांचा बाप्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं, तिचं भलं होवो.

निघताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आमशाची. "त्यानं साल आजून सुटनं नही. त्यानं पावडं लई या. आखाजीले सोडा त्याले." त्यांच्यात आपल्यासारखी आखाजीला पितरांची घागर भरत नाहीत, तिला घागर नको आहे. तिला एवढंच हवं आहे की त्याचं पावडं तिच्याकडे आणावं, दरवर्षी विचारायचो तसं विचारावं आणि त्याला जाऊ द्यावं. सालात बांधलेला माणूस कुठे जाणार, असं ती म्हणाली. मला हे हसण्यासारखं वाटलं नाही.

दुसरी गोष्ट अशी. मी मोटरसायकलवर बसत होतो तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि म्हणाली, "माय का बरं नही उनी?"

मी म्हटलं, ती सुरतेला आहे, मयूरीकडे.

"मी तुमनी वाट नही देखी ऱ्हायंतू," ती म्हणाली. "मायनी वाट देखी ऱ्हायंतू."

हे मी तसंच लिहितो आहे. तू मला पाठवलंस, मी गेलो, मी माझं सांगितलं. पण उत्तर तू दिलं होतंस, सरला, आणि तुझ्याऐवजी ते मला सांगता येत नाही. जालमसिंगचं मी सांगून चालणार नव्हतं, त्यालाच जावं लागलं. मी फक्त बरोबर उभा होतो. तसा मी उभा राहीन.

मी तुझ्यावर कधी ठपका ठेवला नाही. ओट्यावर बसून ठेवतोही कुठून? पण ठेवला नाही हे मी तुला सांगितलंही नाही. तू ते माझ्या तोंडावर शोधत असशील आणि माझ्या तोंडावर काही नसतं, हे मला सगळेच सांगतात. म्हणून कागदावर लिहितो. तू मला घरात हवी आहेस. तू नसलीस की मला करमत नाही, आणि हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे, तर जपून ठेव.

आखाजी जवळ आली आहे.

उमाकांत


१५ एप्रिल

सरला,

हे पत्र सुरतेला पोहोचेल तेव्हा तू तिथे नसशील. मयूरी पाकीट बघून हसेल आणि परत इकडे धाडेल. धाडू दे. फोनवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

फोन वाजला तेव्हा मी लोटनच्या ताटातली भाजी गरम करत होतो. मयूरीचा नंबर. हॅलो म्हटलं, तर तिकडे कुणी बोलेना. मग श्वास ऐकू आला, आणि तो मी ओळखला. लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली, श्वास ओळखतो माणूस. मला म्हणायचं होतं, कशी आहेस. मला म्हणायचं होतं, पत्र मिळालं का. तोंडातून निघालं ते, "गॅस?"

स्वतःचाच राग आला. इतक्या महिन्यांनी बायको फोनवर आली आणि हा बाबा गॅस विचारतो. आणि मला माहीत होतं आता काय येणार. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत येणार, बंद.

तू म्हणालीस, "थांबा. देखीसनी सांगस."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग तुझी पावलं. डावा पाय अजून ओढतेस, डॉक्टरला दाखवलं नाहीस ना? मी थांबलो. इथे गॅसवर भाजी करपत होती, मला वास येत होता, पण मी हललो नाही. साहेब थांबायचे तसा थांबलो. मला भीती वाटत होती, सरला, तेव्हासारखीच.

तू परत आलीस. फोन उचललास.

"चालू व्हता," म्हणालीस. "आते बंद करीसन उनू."

मग तू म्हणालीस, उद्याच्या गाडीने येते. आणि म्हणालीस, पावडं कुणाला उचलू देऊ नका, कालीबाईकडे ते मी माझ्या हाताने नेणार.

खांडबारा गेलं की तू सामान आवरून ठेवशीलच, ते सांगायला नको. नंदुरबारला मी फलाटावर आहे.

उमाकांत

ता. क. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आत्ता उठून पडवीत जाऊन आलो. मेन बंद आहे. मी बघितला.